बोरूचे सरोवर आणि द्राक्षांचे मळे

व्हिएन्नाहून आग्नेयेकडे जाणारी आगगाडी तासाभरात प्रवाशाला अशा एका प्रदेशात आणून सोडते, जेथे आल्प्स पर्वताचा मागमूस उरत नाही. डोंगर मागे पडतात, जमीन सपाट होत जाते आणि हंगेरीच्या विस्तीर्ण मैदानाला येथूनच आरंभ होतो. या सीमेवर नॉयझीडलर झे नावाचे सरोवर पसरलेले आहे. हंगेरीत त्याला फेर्टो म्हणतात. उत्तर-दक्षिण लांबी सुमारे ३६ किलोमीटर, बोरूच्या बनांसह क्षेत्रफळ सुमारे ३१५ चौरस किलोमीटर. पैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग ऑस्ट्रियात आणि उरलेला हंगेरीत. एवढ्या अफाट जलाशयाची खोली मात्र सरासरी मीटरभर आहे आणि कोठेही ती पावणेदोन-दोन मीटरांपलीकडे जात नाही. धडधाकट माणूस हे सरोवर पायी ओलांडू शकतो.

सरोवराचा आणखी एक विशेष असा की, काठावर उभे राहिले तरी ते सहसा दिसत नाही. पाणी आणि गाव यांच्यामध्ये बोरूची भिंत उभी असते. काही ठिकाणी ही भिंत किलोमीटर-दोन किलोमीटर नव्हे, तर त्याहूनही अधिक रुंद आहे. एकूण क्षेत्रफळाचा निम्म्याहून अधिक भाग बोरूनेच व्यापलेला असून, डॅन्यूब नदीच्या मुखापाशी असलेली बने सोडल्यास एवढे सलग बोरूचे रान युरोपात क्वचितच आढळते. पूर्व किनाऱ्यावरील पोडर्सडोर्फ हेच काय ते एक गाव असे आहे, की जेथे घरे थेट उघड्या पाण्याला भिडली आहेत. इतर गावांतून पाण्यापर्यंत जायचे तर बोरूतून काढलेल्या बांधावरून किंवा कालव्याच्या कडेने जावे लागते.

सरोवराला नैसर्गिक निर्गममार्ग नाही. त्यात येणारे पाणी मुख्यतः पावसाचे. वुल्का नावाची एक लहान नदी आणि काही ओढे थोडी भर घालतात. बाहेर जाणारे पाणी बहुतांशी वाफ होऊन जाते. साहजिकच पाऊसमान आणि ऊन यांच्या जमाखर्चावर सरोवराचे अस्तित्व अवलंबून राहते, आणि हा जमाखर्च दर वर्षी जुळतोच असे नाही. १८६५ ते १८७१ या काळात तर ते संपूर्ण कोरडे पडले होते. तळावर लोक चालू-फिरू लागले, जमीन वाटून घेऊन नांगरण्याचे बेत झाले. आणि मग पाणी परत आले. त्यानंतर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिणेला एक कालवा खोदण्यास आरंभ झाला व १९०९ पर्यंत त्याचे काम पूर्ण झाले. जादा पाणी त्यातून बाहेर सोडता येऊ लागले. सरोवर पूर्णपणे आटवून तेथे शेती करावी, असा विचारही त्या काळी प्रबळ होता. तो सिद्धीस गेला नाही, पण पाण्याची पातळी खालावली आणि बोरू झपाट्याने पसरला. आज ज्याला आपण निसर्गाची निर्मिती समजतो, ते बोरूचे अरण्य बऱ्याच अंशी गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतील आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

त्या कालव्याला इतिहासात आणखी एक स्थान आहे. १९५६ साली हंगेरीतील उठाव चिरडला गेल्यानंतर आंडाऊ या गावाजवळील एका साध्या लाकडी पुलावरून हजारो निर्वासितांनी हाच कालवा ओलांडून ऑस्ट्रियात प्रवेश केला. पुढे तेहतीस वर्षे सरोवराच्या दक्षिण भागातून लोखंडी पडद्याची सीमा जात होती. १९ ऑगस्ट १९८९ रोजी शोप्रोन शहराजवळ सीमेवरील एक फाटक काही तासांसाठी उघडण्यात आले व पूर्व जर्मनीतील शेकडो लोक त्यातून पश्चिमेकडे निघून गेले. ते ठिकाण सरोवरापासून फार दूर नाही. आज सायकलवरून सरोवराची प्रदक्षिणा करणारा प्रवासी सीमा केव्हा ओलांडली हे फलक वाचूनच ओळखतो.

सरोवराच्या पूर्वेचा प्रदेश झेविंकेल या नावाने ओळखला जातो. पाहुण्याला खरे आश्चर्य वाटते ते येथे. सपाट गवताळ माळावर विखुरलेली उथळ तळी, कोठे गुडघाभर पाणी तर कोठे घोट्याइतके, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस त्यांतील कित्येकांच्या तळावर पांढराशुभ्र थर. दुरून पाहणाऱ्याला बर्फ पडल्याचा भास व्हावा. हा थर मिठाचा नव्हे, मुख्यतः सोड्याचा असतो. ज्यांनी बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या सरोवराचे काठ पाहिले आहेत, त्यांना या पाण्याच्या जातीची कल्पना सहज येईल. लोणारप्रमाणेच येथेही पूर्वी हा क्षार गोळा केला जाई. भल्या पहाटे बायका-पुरुष झाडू घेऊन तळावरील पूड झाडून काढीत आणि साबणासाठी ती विकली जाई.

या तळ्यांचे शास्त्र थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे, कारण येथील सारा वाद त्यातूनच उद्भवलेला आहे. झेविंकेलच्या भूमीत काही खोलीवर क्षारयुक्त थर आहेत. भूजलाची पातळी उंच असते, तेव्हा दिव्याच्या वातीतून तेल चढावे त्याप्रमाणे मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून क्षारयुक्त पाणी वर चढते. पृष्ठभागी आल्यावर पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे राहतो. सोडियमच्या योगाने तळाची चिकणमाती इतकी घट्ट बनते, की तिच्यातून पाणी खाली झिरपत नाही. म्हणजे तळे आपल्या क्षाराच्याच बळावर पाणी धरून ठेवते. भूजल खाली गेले की वातीचा तेलाशी संबंध तुटतो. वरून पडणारा पाऊस मग क्षार धुऊन खाली नेतो, माती सैल पडते, तळे गळू लागते. क्षार सहन न होणाऱ्या वनस्पती, विशेषतः बोरू, त्यात शिरतात आणि काही दशकांत तळ्याचे कुरण होते. एकदा हे घडले की पुन्हा पाणी ओतून ते तळे मूळ स्थितीला आणता येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अशी शंभराहून अधिक तळी होती; आज चाळीसच्या आसपास उरली आहेत, आणि त्यांपैकीही सगळीच निरोगी नाहीत.

अशा क्षारयुक्त पाण्यात मासे नसतात. परंतु झिंग्यांच्या कुळातील अतिसूक्ष्म जीव अगणित असतात, आणि पाणी उथळ असल्यामुळे उंच पायांच्या पक्ष्यांना चोच घातली की अन्न मिळते. वर वळलेल्या चोचीचा काळा-पांढरा अॅव्होसेट, शेकाट्या, चिखल्यांच्या जाती, टिटव्या यांची वीण याच काठांवर होते. सरोवराच्या बोरूत मोठे बगळे आणि चमचे वसाहती करून राहतात. वाळूच्या कडांमध्ये वेडे राघू बिळे पोखरतात. हानशागच्या जुन्या दलदलीत आपल्या माळढोकाच्या कुळातील मोठा युरोपीय पक्षी अद्याप तग धरून आहे. या सर्व प्रदेशात नोंदल्या गेलेल्या पक्ष्यांच्या जाती साडेतीनशेच्या घरात जातात. उत्तर युरोप आणि भूमध्य समुद्र यांमधील प्रवासात हे ठिकाण त्यांना विसाव्याचे आहे.

द्राक्षाची कथा याहून जुनी आहे. सरोवराच्या पश्चिमेस लाइटा नावाच्या टेकड्या आहेत. तेथून जवळच असलेल्या त्सागर्सडोर्फ गावी इसवी सनापूर्वी सुमारे ७०० च्या काळातील एका दफनटेकाडात द्राक्षांच्या बिया सापडल्या. त्यानंतर रोमन आले, मठ आले, हंगेरीचे राजे आले. वेली मात्र तेथेच राहिल्या. टेकड्यांचा उतार आणि सरोवर यांमधील गावांचा सगळा संसार द्राक्षावर उभा राहिला.

यांपैकी रुस्ट या चिमुकल्या शहराचा वृत्तांत मनोरंजक आहे. १५२४ साली हंगेरीची राणी मेरी हिने या गावाला आपल्या वाइनच्या पिंपांवर ‘र’ या अर्थाचे अक्षर डागण्याचा अधिकार दिला. आजच्या भाषेत बोलायचे तर ही व्यापारी मुद्राच होय. पुढे १६८१ मध्ये रुस्टच्या नागरिकांनी सम्राट लिओपोल्ड पहिला याच्याकडून स्वतंत्र नगराचा दर्जा मिळवला. तो मिळवला कसा? साठ हजार सुवर्ण गुल्डेन रोख आणि सुमारे तीस हजार लिटर उत्तम गोड वाइन देऊन. सनद विकत घेण्याचे असे व्यवहार इतिहासात पुष्कळ आहेत. पण किमतीचा एक भाग पिंपांत भरून मोजल्याचे उदाहरण विरळाच. रुस्टच्या जुन्या घरांच्या धुराड्यांवर आज करकोच्यांची घरटी आहेत आणि नगरवासी त्यांना घरच्या माणसांप्रमाणे सांभाळतात. उन्हाळ्यात चोचींचा खडखडाट चौकात सतत ऐकू येतो.

राजदरबारी गेलेली ही वाइन आउसब्रुख या नावाची. ती घडते कशी हे पाहिले, म्हणजे सरोवर आणि द्राक्षमळा यांचे नाते उलगडते. उथळ पाणी उन्हाळ्यात लवकर तापते आणि शरद ऋतूत त्याची ऊब आसपासच्या हवेला मिळत राहते. या भागात वर्षाला दोन हजार तासांहून अधिक ऊन पडते. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पहाटे सरोवरावरून आणि तळ्यांवरून धुके उठते व मळ्यांवर पसरते. त्या ओलाव्यात बॉट्रायटिस नावाची बुरशी पिकलेल्या द्राक्षाच्या सालीवर वाढते. दुपारी ऊन आणि वारा आला की ओलावा सुकतो. बुरशीने सालीला पाडलेल्या असंख्य छिद्रांवाटे द्राक्षातील पाणी उडून जाते. मणी सुरकुततो, तपकिरी होतो, पाहणाऱ्याला सडल्यासारखा दिसतो. आत मात्र साखर, आम्ल आणि सुगंध घट्ट झालेले असतात. हीच बुरशी सतत पाऊस लागून राहिला तर सगळे पीक खरोखरीच कुजवून टाकते. सकाळचे धुके आणि दुपारचे ऊन हा क्रम टिकला पाहिजे. तो टिकवण्याचे काम पाणी करते. सगळे मणी एकाच दिवशी सुकत नाहीत, म्हणून तोडणारे एकाच वेलीकडे पुनःपुन्हा येतात आणि सुकलेले मणी तेवढे वेचून नेतात. अशा वेचलेल्या मण्यांवर त्याच मळ्यातील ताजा रस घालून त्यांतील गोडी बाहेर काढण्याची जुनी रीत होती. आउसब्रुख हे नाव या वेचून वेगळे काढण्यावरूनच आले आहे.

या प्रदेशात वाइनचा आणखी एक प्रकार आहे, ज्यात दलदल आणि मळा यांची गाठ अगदी शब्दशः पडते. हिवाळ्यात कापलेल्या बोरूच्या चटया विणतात, तोडलेली द्राक्षे त्यांवर पसरतात, निदान तीन महिने सुकू देतात आणि मग पिळतात. बोरूची कापणी हाही येथील जुना व्यवसाय आहे. छपरे शाकारण्यासाठी बोरू परदेशीही जात असे. आज मागणी घटली आहे आणि न कापलेला जुना बोरू जागच्या जागी मोडून पडतो, ही संरक्षकांची एक चिंता आहे.

मात्र पाण्याने द्राक्षाला दिले, तसे द्राक्षानेही पाण्याचे राखले, असे म्हणता येणार नाही. झेविंकेलचा माळ पूर्वी गुरांचा होता. १९५० नंतरच्या दोन-तीन दशकांत चराई संपत आली, कुरणे नांगरली गेली आणि जेथे गुरे चरत तेथे द्राक्षाच्या रांगा उभ्या राहिल्या. पाण्याचा निचरा करण्यासाठी चर खणले गेले, पुढे विहिरींवर पंप बसले. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे सुधारणेचे काम होते. वात तुटते आहे हे त्या वेळी फार थोड्यांच्या लक्षात आले.

या थोड्यांमुळेच पुढचा इतिहास घडला. लांगे लाके हे येथील मोठे तळे वाचवण्याच्या प्रयत्नातून १९६३ साली जागतिक वन्यजीव निधीची ऑस्ट्रियातील शाखा स्थापन झाली, आणि १९६५ मध्ये त्या संस्थेने तेथील जमीन भाडेपट्ट्याने घेतली. १९७१ च्या सुमारास मोर्बिश व इल्मिट्झ या गावांना जोडणारा पूल सरोवरावरून बांधण्याची योजना पुढे आली. तीव्र विरोधानंतर ती सोडून देण्यात आली. १९७७ साली हा भाग जीवावरण राखीव क्षेत्र ठरला आणि १९८२ मध्ये रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ भूमी म्हणून त्याची नोंद झाली.

राष्ट्रीय उद्यानाचा कायदा १९९२ मध्ये झाला व दुसऱ्या वर्षी उद्यान प्रत्यक्षात आले. सीमेपलीकडे हंगेरीने आपले उद्यान त्याआधीच, १९९१ साली, घोषित केले होते. ऑस्ट्रियाच्या बाजूचे क्षेत्र सुमारे ९७ चौरस किलोमीटर आहे. यात उल्लेखनीय बाब अशी की, ही जमीन सरकारी नव्हती. सुमारे बाराशे खाजगी मालकांच्या तुकड्या जोडून हे उद्यान झाले आहे. त्यांतील बहुतेक द्राक्षबागाईतदार किंवा शेतकरी. जमीन त्यांच्याच नावावर राहिली. तिच्यावर काही करायचे नाही किंवा ठरावीक रीतीनेच करायचे याबद्दल त्यांना करारानुसार दरसाल मोबदला मिळतो. संरक्षण म्हणजे स्थानिकांची हकालपट्टी, हे समीकरण जगात अनेक ठिकाणी रूढ झाले आहे. येथे ते टाळता आले. अर्थात सरकारी तिजोरीतून मोबदला नियमित येत राहील तोवरच ही व्यवस्था चालू शकते, हेही तितकेच खरे.

उद्यानाचा जवळजवळ निम्मा भाग मनुष्याच्या हस्तक्षेपापासून पूर्णपणे मुक्त ठेवला आहे. उरलेल्या भागात मात्र माणसाने काही करणे आवश्यकच असते, कारण माळ चरला गेला नाही तर तो झुडपांखाली जातो. म्हणून गुरे परत आणली गेली. लांब शिंगांची राखाडी हंगेरियन गाय, पांढरी गाढवे आणि (भारतीय वाचकाला मौज वाटेल) म्हशी. चिखलात डुंबणाऱ्या म्हशी बोरूचे कोवळे कोंभ खातात आणि तळ्याचा काठ मोकळा ठेवतात. जे काम यंत्राने महाग पडते, ते त्या बिनबोभाट करतात.

याच काळात द्राक्षाच्या बाजूनेही एक मोठे संकट येऊन गेले. जुलै १९८५ मध्ये असे उघडकीस आले की, ऑस्ट्रियातील काही व्यापाऱ्यांनी स्वस्त वाइन गोड व दाट भासावी म्हणून तीत डायएथिलीन ग्लायकॉल मिसळले होते. देशाची वाइन-निर्यात एकाएकी कोसळली आणि त्यात पापभीरू बागाईतदारही भरडले गेले. त्याच वर्षी अत्यंत कडक कायदा करण्यात आला. पुढील पंधरा-वीस वर्षांत या भागातील उत्पादक थोडे पण उत्तम पिकवण्याकडे वळले. इल्मिट्झचे आलोइस क्राखर (१९५९–२००७) यांच्या गोड वाइनने सरोवराचे नाव जगभर नेले. डिसेंबर २००१ मध्ये सरोवर आणि त्याभोवतीची गावे, मळे यांसह हा संपूर्ण भूप्रदेश सांस्कृतिक भूदृश्य म्हणून जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला.

तरीही पक्षी आणि बागाईतदार यांचे सर्वकाळ सख्य असते असे मानू नये. आपल्याकडे ज्वारीच्या कणसांवर उतरणाऱ्या भोरड्यांची एक नातलग जात युरोपात आहे. द्राक्षे पिकू लागली की तिचे प्रचंड थवे रात्री बोरूत मुक्काम करतात आणि दिवसा मळे लुटतात. बोरू संरक्षित, म्हणजे लुटारूंचा अड्डाही संरक्षितच. पूर्वी राखणदार खुळखुळे वाजवीत, बार काढीत. पुढे लहान विमाने उडवून थवे पिटाळण्याची पद्धत आली आणि तिच्यावर पक्षिमित्रांनी आक्षेप घेतले. हा तंटा कायमचा मिटलेला नाही.

आजचा मोठा प्रश्न पाण्याचा आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात सरोवराची पातळी १९६५ नंतरच्या नीचांकाला पोचली. नौका गाळात रुतल्या, सेंट आन्द्रे येथील झिक्झे हे तळे आटले. डॅन्यूबच्या एका फाट्याचे पाणी हंगेरीतून कालव्याने सरोवरात आणावे, ही सूचना तेव्हापासून जोराने मांडली जाऊ लागली. पर्यटनावर आणि नौकाविहारावर उपजीविका असणाऱ्यांना ती स्वाभाविकच पसंत पडते. शास्त्रज्ञांचा इशारा असा, की नदीचे पाणी गोडे आहे आणि तिच्याबरोबर खतांचा अंशही येईल. त्याने सरोवर भरेल, पण त्याचे सोडायुक्त स्वरूप पालटेल. आटणे आणि पुन्हा भरणे हाच या सरोवराचा स्वभाव होय, १८६५ मध्येही ते आटलेच होते, असा त्यांचा युक्तिवाद आहे. यात तथ्य आहे. परंतु १८६५ मध्ये भूजल उपसणारे पंप नव्हते आणि उन्हाळेही आजच्याइतके तप्त नव्हते, ही बाजूही विसरून चालणार नाही. झेविंकेलच्या तळ्यांना तर बाहेरचे पाणी आणून उपयोगच नाही. त्यांना हवी आहे भूजलाची वाढ, आणि ती चर बुजवून व सिंचनाला आवर घालूनच होऊ शकते. काही चरांवर बंधारे घालण्याचे काम झाले आहे. सिंचनाबाबत बागाईतदारांशी बोलणी अधिक बिकट आहेत. सप्टेंबर २०२४ च्या अतिवृष्टीने सरोवराला बराच दिलासा मिळाला. पण एका पावसाने भूजल भरत नाही.

येथे जाऊ इच्छिणाऱ्याने दोनपैकी एक ऋतू निवडावा. एप्रिल-मेमध्ये पक्ष्यांची वीण चालू असते आणि तळ्यांत पाणी असते. उद्यानाचे माहिती केंद्र इल्मिट्झ येथे आहे. ठरवून दिलेल्या वाटा सोडण्यास मनाई आहे, पण त्याने काही बिघडत नाही. जागोजागी लाकडी मनोरे आहेत आणि भूमी एवढी सपाट आहे की दोन-तीन मीटर उंचीवरूनही कोसभर दिसते. सायकल हे येथील उत्तम वाहन. मोर्बिशहून इल्मिट्झला जाणाऱ्या लहान बोटी ती वाहून नेतात, त्यामुळे पश्चिमेचे मळे आणि पूर्वेचा माळ एकाच दिवसात पाहून होतात.

दुसरा काळ ऑक्टोबरच्या अखेरीचा. तेव्हा उत्तरेकडून रानहंस हजारोंच्या संख्येने आलेले असतात. दिवसा ते शेतांत चरतात आणि सूर्यास्ताच्या सुमारास रांगांमागून रांगा करीत तळ्यांकडे परततात. त्या वेळी मळ्यांत शेवटची तोडणी चाललेली असते. गार हवेत वाकून, एकेक मणी निरखून टोपलीत टाकणारे मजूर हंसांचा कलकलाट डोक्यावर आला तरी मान वर करीत नाहीत. अंधार पडण्यापूर्वी रांग संपवायची असते, आणि तळ्याकडून धुके निघालेले असते.